एका कडीचा कारखाना

टिंग.

दुपार होती. भिंगरी माझ्या दंडावर डोकं ठेवून नुकतीच झोपली होती. तिचा श्वास लांब झाला होता, मुठीत धरलेली माझी बाही सुटली होती, आणि मी माझाच हात तिच्या मानेखालून इतक्या हळू काढत होते की एखाद्या मुरलेल्या चोराने माझ्याकडे शिकवणी लावावी. घर एवढं शांत होतं की फ्रिजसुद्धा दबकत चालला होता. तेवढ्यात खिडकीच्या कडीतून काहीतरी निसटलं, फरशीवर पडलं आणि म्हणालं, टिंग.

नुसत्या टिंगने काही बिघडलं नसतं. भिंगरीची पापणी हलली आणि पुन्हा मिटली. पण मग वाऱ्याने मोकळी झालेली खिडकी धरली आणि चौकटीवर आपटली. धाड!

"उठले!" भिंगरी ताडकन बसत म्हणाली. झाली दुपार.

ज्या घरात बालवाडीतलं मूल आहे त्याच घराला दुपारच्या झोपेची किंमत कळते. तो माझा तास. त्या तासात मी चहा गरम असताना पिते. एखादं पान वाचते. कधी नुसती भिंतीकडे बघत बसते, आणि तेव्हा मला कुणी हाक मारत नाही यातच निम्मी मजा असते. जगात आजवर ज्या कारणांवरून लढाया झाल्या, त्यांत याहून चांगलं कारण मला तरी आठवत नाही. तेव्हा कडी तुटली म्हणजे माझ्या राज्याची वेस तुटली, आणि मी युद्ध पुकारलं.

खिडकी जुनी, लोखंडी. कडीचा दांडा ज्या बोटभर ठोकळ्याच्या खाचेत बसतो, त्या ठोकळ्याचाच एक कान मोडून पडला होता. तो कान रुमालात गुंडाळून मी हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"हे आता येत नाही, ताई," दुकानदार म्हणाला. "खिडकी बदला."

"अख्खी?"

"खिडकी बदलायची तर चौकटही गेली. चौकट काढली की भिंत हलणार. भिंत फोडताच आहात, तर खिडकी जरा मोठी करून घ्या. उजेड छान येईल."

मी कान पुन्हा रुमालात बांधला. भिंत फोडण्याचा माझा अजिबात विचार नव्हता. तेव्हा नव्हता.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "सुतळी बांध." नवरा म्हणाला, "वर्तमानपत्राची घडी करून खोच." वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही आपसात 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. ते जिन्यात उभे राहून म्हणाले, "माझा अनुभव असा आहे, की खिडकी सताड उघडी ठेवावी. उघडी खिडकी आपटत नाही."

मी सगळं करून पाहिलं. कुणी म्हणू नये, हिने मोठ्यांचं ऐकलं नाही. सुतळी बांधलेली खिडकी वाऱ्यावर गुणगुणायला लागली. वर्तमानपत्राची घडी भिंगरीने काढून होडी केली. आणि सताड उघड्या खिडकीतून मांजर आत आलं, भिंगरीच्या पायांवर बसलं, आणि भिंगरीने झोप ही गोष्टच आयुष्यातून रद्द केली.

मग मी लोखंडकाम करणाऱ्या कारखान्यात गेले. मालकाने ठोकळ्याचा तुकडा बोटांत फिरवला. "होईल की. किती नग?"

"एक."

त्याने माझ्या मागे पाहिलं. बाकीची ऑर्डर मागून येत असावी असं त्याला वाटलं. "एका नगाला आपण मशीन लावत नाही. शंभर घ्या, परवडेल."

"माझी एकच कडी तुटली आहे."

"नव्व्याण्णव ठेवून द्या. लागतात."

असा अपमान झाला की माणूस एकतर घरी जाऊन रडतो किंवा भंगाराच्या दुकानात जातो. मी दुसरा मार्ग धरला, आणि भिंगरीलाही बरोबर घेतलं. मी तिथे कडीच शोधायला गेले होते, हे आजही शपथेवर सांगायची माझी तयारी आहे. पात्यांशिवाय पंखे होते, पंख्यांशिवाय पाती होती, कुणाच्या तरी जिन्याचा निम्मा कठडा होता. आणि मागे, ताडपत्रीखाली, कमरेएवढं, काळपट हिरवं, बाजूला सायकलच्या चाकाएवढं जड चाक असलेलं एक शेपर मशीन उभं होतं.

शेपर म्हणजे लोखंडाचा रंधा. सुतार लाकडावर रंधा मारतो, तसं हे यंत्र लोखंडावर मारतं. वर एक लांब लोखंडी मान, मानेच्या टोकाला पातं. मान पुढे जाते तेव्हा सावकाश जाते आणि लोखंडाची साल काढते. मागे येताना काही काम नसतं, म्हणून झपकन येते. माझा नवरा ऑफिसला जाताना आणि तिथून येताना अगदी असाच चालतो.

मला हे यंत्र पाठ होतं. मेकॅनिकलची पदविका करताना आमच्या वर्कशॉपमध्ये असंच एक होतं. त्याच्याभोवती जमिनीवर पिवळी रेषा मारलेली होती. मुलं रेषेच्या आत, आम्ही मुली रेषेच्या बाहेर. "तुमचा नंबर पुढच्या तासाला," सर सांगायचे. पुढच्या तासालाही तेच सांगायचे. असं करत परीक्षा आली आणि मी शेपरची अशी देखणी आकृती काढली की परीक्षकांनी ती इतरांना दाखवली. हात मात्र कधी लावला नाही.

"आई," भिंगरी माझा हात ओढत म्हणाली. तिच्या बालवाडीत घसरगुंडीला रांग लावतात, त्यामुळे तिच्या जगात आंघोळीपासून आइस्क्रीमपर्यंत प्रत्येक गोष्टीला नंबर असतो. तिने ताडपत्रीच्या दोन्ही बाजू नीट पाहिल्या होत्या. "आई, इथे रांगच नाहीये! आपलाच पहिला नंबर!"

या वाक्यावर मी मशीन घेतलं. दुसरं काहीही कारण नव्हतं, आणि याहून मोठं कारण लागतही नाही.

भंगारवाल्याने टेम्पोतून ते दारात आणलं तेव्हा सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या.

"कडी आणायला गेली होतीस ना?"

"हो."

"मग ही कडी?"

"ही कडीची आई," मी म्हटलं.

त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघरातली भांडी जागेवरच होती तरी पुन्हा जागेवर ठेवायला लागल्या. नवऱ्याने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याच्यावर कडी होईल?"

"होईल."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि बाह्या सरसावायला लागला. आयुष्यात एक तरी निवड आपण डोळे उघडे ठेवून केली, असं मला वाटलं. हे वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं.

आमचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद खोली आहे, तिला मागच्या गल्लीत उघडणारं दार आहे. तिथे सासूबाईंच्या बादल्या, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं राहतं. त्यातच मशीन आलं. लोखंडी पाइप खाली टाकून, त्यावरून सरकवत, भंगारवाल्याची माणसं "हां, हां, हां" म्हणत होती आणि अनुभवी जिन्यातून "डावीकडे" म्हणत होते. त्यांचं डावं आणि आमचं डावं वेगळं होतं, कारण ते उलटे उभे होते. दाराची चौकट एका ठिकाणी सोलली गेली, एक बादली शहीद झाली, पण मशीन आत आलं.

"माझा स्टँड कुठे ठेवू?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, हे जरा भिंतीला सरकवतो," नवरा म्हणाला आणि त्याने सरकवलं. स्टँड बसेना. त्याने अजून सरकवलं. शेवटी मशीनची पाठ भिंतीला टेकली आणि स्टँड बसला. त्या वेळी मशीनची मान पूर्ण पुढे होती. हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं नाही.

मी ते मशीन जवळजवळ मुलासारखं न्हाऊ घातलं. लांब मान पाहून भिंगरीने त्याचं नाव घोडा ठेवलं. रॉकेल, चिंध्या, जुना टूथब्रश. गंज निघाला की खालून अशी चंदेरी कड दिसायची की मी भिंगरीला बोलावून दाखवायची. चाकाच्या आऱ्याजवळ एक गोल भोक होतं, ते कशाचं ते मला कळलं नाही. सासूबाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यात त्यांचं फरशी पुसायचं फडकं खोचलेलं होतं. मग मी खडूने मशीनभोवती जमिनीवर एक रेषा काढली. माझ्या वर्कशॉपमध्ये रेषेच्या आत कोण असेल ते मी ठरवणार होते.

"ही रेषा कुणी ओलांडायची नाही," मी भिंगरीला सांगितलं. "चालवणारा आत, बाकीचे बाहेर."

"नंबर आल्यावर आत?"

"नंबर आल्यावर, मोठी झाल्यावर."

भिंगरीने त्या रेषेची देखरेख आपणहून अंगावर घेतली. तिने आजीच्या फडक्यालासुद्धा बाहेर काढलं. आजीने ते परत खोचलं.

उद्घाटनाला नवरा होता, जिन्यातून खाली आलेले अनुभवी होते, दारात हाताची घडी घालून सासूबाई होत्या. भिंगरी रेषेवर पाय पडणार नाही अशी उभी होती. मी बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पट्टा फिरला आणि ती लोखंडी मान चालायला लागली. मला भरून आलं. इतकं भरून आलं, की पहिला 'थड्' मी ऐकूनही ऐकला नाही.

थड्.

"कसला आवाज?" सासूबाई म्हणाल्या.

"बरेच दिवस पडून होतं ना, मोकळं होतंय," नवरा म्हणाला. हा माणूस दिवसभर कॉम्प्युटरवर विम्याचे हप्ते बघतो.

थड्.

"माझा अनुभव असा आहे, की जुनं यंत्र सुरुवातीला बोलतंच," अनुभवी म्हणाले.

थड्. भिंतीचा रंग खाली आला.

"आई, घोडा भिंतीला ढुशी मारतोय," भिंगरी म्हणाली.

"नाही गं राणी, घोडा..." मी म्हणाले, आणि मग मागे पाहिलं.

मान पुढे जाते म्हणजे ती कुठून तरी जाते. आणि मागे येते म्हणजे कुठे तरी येते. शेपरची मान मागे आली की मशीनच्या पाठीतून हातभर बाहेर निघते. पुस्तकातली आकृती बाजूने काढलेली असते, तिच्या मागे भिंत काढायची पद्धत नाही. सर्वोत्तम आकृती काढणाऱ्या मुलीच्या डोक्यात म्हणूनच भिंत आली नाही. घोड्याला मान आहे हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्याला शेपूट आहे हे भिंगरीशिवाय कुणी पाहिलं नाही.

मी बटणाकडे झेपावले तोवर घोडा झपकन मागे आला होता. वीट पलीकडे गेली. पलीकडे काहीतरी मोठं, काचेचं, सन्मानाचं पडल्याचा आवाज झाला.

मोटर थांबली. धूळ खाली बसली. भिंतीतल्या चौकोनी भोकातून एक चष्मा आणि चष्म्यामागे एक डोळा दिसला.

"हे काय चाललंय?" डोळ्याने विचारलं.

भिंगरी भोकाजवळ गेली. "काका, तुम्ही आमच्या भिंतीत काय करताय?"

ते वसाहतीचे अध्यक्ष होते. त्यांची बैठकीची खोली आणि आमची मागची खोली यांच्यात एकच भिंत आहे, हे मला त्या दिवशी नीटच समजलं. त्या भिंतीवर त्यांनी काचेच्या चौकटीत एक ढाल लावली होती. ती ढाल आता फरशीवर होती. वसाहतीला मिळालेली. सर्वांत शांत वसाहत म्हणून.

मी क्षमा मागितली. भिंत बांधून देते म्हणाले, ढालीला नवी काच बसवून देते म्हणाले. काकांना भिंतीशी फारसं देणंघेणं नव्हतं. "सूनबाई, भिंत राहू द्या. हे मशीन काढा."

"मशीन नाही काढणार, काका. फिरवून ठेवते. आता शेपटाची बाजू मोकळी राहील."

"शेपटाची?"

"हो."

"हे घर आहे, कारखाना नाही!" हे त्यांनी भोकातून सांगितलं. मग नीट ऐकू जावं म्हणून आमच्या दाराला वळसा घालून आले आणि पुन्हा सांगितलं.

गवंडी म्हणाला, आता मोठं काम चालू आहे, सवडीने येतो. तोवर भोक राहिलं, आणि भोकाने दोन घरांचं राजकारण बदलून टाकलं. अध्यक्षांची पत्र पाठवायची पद्धत होती, ती त्यांनी सोडली नाही. भोकातून कागद सरकवायचे आणि म्हणायचे, "पोहोच द्या." मी पोहोच लिहून परत सरकवायची. काका बाहेर गेले की त्याच भोकातून काकूंचा आवाज यायचा. "काय गं, चालतं का ते? मला जरा दिसेल असं उभी राहा ना बाजूला." काकूंनी आपल्या बाजूला खुर्ची आणून ठेवली होती. मी मशीन आडवं फिरवलं तेव्हा त्यांनीच पलीकडून सांगितलं, "अजून वीतभर. हां. आता माझ्याकडे नाही येणार."

अध्यक्षांच्या शेवटच्या कागदावर नियम होता. वसाहतीत विजेवर चालणारं कारखानी यंत्र ठेवता येणार नाही. वीज कार्यालयाची परवानगी आणा, नाहीतर रविवारी समिती येईल आणि आपल्यासमोर यंत्र बाहेर काढेल. नियम त्यांनी स्वतःच केला होता, त्यामुळे तो त्यांना तोंडपाठ होता.

मी वीज कार्यालयात गेले. भिंगरी आणि तिचे बाबा बाहेर बाकावर नंबर सांभाळत बसले. खिडकीमागचे साहेब सज्जन होते. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"उत्पादन काय?"

"खिडकीची कडी."

"वर्षाला किती?"

"एक."

"एक हजार?"

"एक."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, एक म्हणजे उत्पादन नाही होत."

"मग घरगुती लिहा. शिवणयंत्रासारखं."

"शिवणयंत्र कापड शिवतं. हे काय करतं?"

"लोखंड सोलतं."

त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलाने छताकडे पाहिलं. "असं करा," साहेब आवाज मऊ करून म्हणाले, "अर्ज यजमानांच्या नावाने करा. त्यांचा उद्योग, त्यांची सही. लगेच होईल."

"मशीन माझं आहे."

"कागदोपत्रीच हो, फक्त."

"कागदोपत्रीसुद्धा माझंच आहे. चालवणार मी, ठेचलं तर बोट माझं, तर सही त्यांची का?"

"बरं. मग प्रशिक्षित चालक म्हणून तुम्ही. अनुभव किती?"

मी खरं बोलणाऱ्यांपैकी आहे, हा माझा जुना दोष. "रेषेच्या बाहेरून, दोन वर्षं," मी म्हणाले.

मोटरला परवानगी मिळाली नाही. बाहेर भिंगरी बाकावर झोपली होती, तिच्या बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून. जिथे खिडकी आपटत नाही तिथे मूल कसं गाढ झोपतं, हे मी कार्यालयाच्या पायरीवर उभं राहून पाहिलं आणि मला दुकानदारापासून साहेबांपर्यंत साऱ्यांचा नव्याने राग आला.

"त्यांच्या नावाने अर्ज केला असता तर?" घरी येताना नवरा हळूच म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नसताच केला. मी आपलं विचारलं."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भोकातून अध्यक्षांनी एक चूक केली. मी घरात नाही असं समजून त्यांनी सासूबाईंना हाक मारली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

"वहिनी, तुम्ही तरी सुनेला आवरा. बाईमाणसाचं काम आहे का हे? तुमचं ऐकेल ती."

सासूबाई फडकं पिळत होत्या. पिळतच राहिल्या. "माझ्या सुनेला मी आवरेन, भाऊजी. तुम्ही तुमची भिंत आवरा. फुंकरीने पडते."

मग त्या मशीनकडे आल्या, फडकं चाकाच्या भोकात खोचलं आणि ओढून ताणलं. ताणल्याबरोबर चाक थोडं फिरलं. चाक फिरलं तशी मान बोटभर पुढे सरकली.

आम्ही दोघी त्या मानेकडे पाहत राहिलो.

"परत ओढा," मी म्हणाले.

त्यांनी परत ओढलं. मान परत सरकली.

ते भोक फडक्याचं नव्हतं. ते मुठीचं होतं. हे मशीन मुळात हाताने फिरवायचं होतं. मोटर मागाहून कुणीतरी जोडली होती, आणि मूठ कुठेतरी हरवली होती. मला तर नाचावंसं वाटलं. मी काठी घालून पाहिली, ती सैल. छत्रीचा दांडा घालून पाहिला, तो वाकला. सासूबाई आत गेल्या आणि त्यांचं लाटणं घेऊन आल्या. त्या लाटण्याला घरात आजवर मीसुद्धा न विचारता हात लावलेला नाही. निमुळतं टोक भोकात घट्ट बसलं, जणू एकाच सुताराने दोन्हीकडे काम केलं होतं.

"जपून," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत आहे ते."

मोटरचा पट्टा मी त्याच दुपारी काढून टाकला.

रविवारी समिती आली. समिती म्हणजे अध्यक्ष, अनुभवी आणि एक खजिनदार, जे सतत घड्याळ बघत होते. काकू समितीत नव्हत्या, पण त्यांची खुर्ची भोकापाशी होती. सगळे खोलीत घुसायला लागले तशी भिंगरी हात पसरून उभी राहिली.

"रेषेच्या मागे! काका, पाय मागे घ्या. तुमचा नंबर नाहीये."

अध्यक्ष आयुष्यात प्रथमच कुणाच्या तरी रेषेच्या मागे उभे राहिले. त्यांनी नियमाचा कागद उघडला. "विजेवर चालणारं..."

"वीज कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी मोटर पाहिली. पट्टा नव्हता. प्लग पाहिला. तो माझ्या खिशात होता. "मग हे चालतं कशावर?"

"लाटण्यावर," सासूबाई दारातून म्हणाल्या.

मी लोखंडाचा तुकडा शिकंज्यात आवळला, पातं खाली घेतलं आणि नवऱ्याला खूण केली. त्याने लाटणं धरून चाक फिरवलं. मान सावकाश पुढे गेली. कर्रर्र असा, सुरीने पाव कापल्यासारखा आवाज आला, आणि लोखंडाची एक बारीक साल कुरळी होऊन उठली. भिंगरीच्या जावळासारखी. मी हे उगाच म्हणत नाही, ते जावळ माझ्या कपाटात आहे, मी ताडून पाहिलं.

"आवाज तर काहीच नाही," खजिनदार म्हणाले.

"मला तर पंख्याएवढाही नाही आला," भोक म्हणालं.

"तू मधे बोलू नकोस," अध्यक्ष भोकाला म्हणाले.

"मी माझ्या खोलीत बसून बोलतेय."

खाच खोल व्हायला वेळ लागतो. एका फेरीत केसभरच निघतं. थोड्या वेळाने नवऱ्याचा सदरा पाठीला चिकटला. हप्त्यांच्या नोकरीत हाताला असे कष्ट नसतात. त्याने अनुभवींकडे पाहिलं. अनुभवींचा अनुभव असा होता, की त्यांचा खांदा दुखतो. मान खाचेच्या मधोमध थांबली, आणि अध्यक्षांचा चेहरा उजळायला लागला.

"झालं? यंत्र चालत नाही. अडगळ आहे, असं लिहू या. अडगळ काढायला परवानगी लागत नाही."

तेव्हा सासूबाई दारातून निघाल्या. रेषेपाशी आल्या आणि थांबल्या. भिंगरीला म्हणाल्या, "आत येऊ का?"

भिंगरीने गंभीरपणे विचार केला. "तुझा नंबर आहे?"

"आहे," सासूबाई म्हणाल्या. "बरेच दिवस आहे."

त्यांनी रेषा ओलांडली. मुलाला कोपराने बाजूला केलं, दोन्ही हातांनी लाटणं धरलं, आणि चाक फिरायला लागलं. एका लयीत, न थांबता, मान पुढे सावकाश, मागे झपकन. साली एकामागून एक पडत राहिल्या. मी पातं खाली घेत होते. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, पात्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. एकदा त्या थांबल्या, वाकून खाचेत बोट फिरवत म्हणाल्या, "डावी कड जाड राहतेय गं." राहिली होती.

अध्यक्षांनी कागदाची घडी घातली. "पुढच्या बैठकीत नियम बदलावा लागेल. हाताने चालणारी यंत्रंसुद्धा..."

"बदला," भोक म्हणालं. "आणि ते होईपर्यंत सूनबाई, माझं नाव लिही. वहिनींनंतर माझा नंबर."

ठोकळा दुपारी खिडकीला बसवला. दांडा खाचेत गेला आणि खट् असा आवाज झाला. छोटा, कोरडा, शेवटचा. वारा आला, खिडकीला धरून पाहिलं आणि निघून गेला. अध्यक्षांची बैठक अजून व्हायची आहे. होऊ दे. मशीन जागेवर आहे, आणि आमचं लाटणं त्यात अडकल्यामुळे पोळ्यांना आता दोन घरांत मिळून एकच लाटणं आहे.

मी भिंगरीला कुशीत घेतलं. घर पुन्हा तसंच शांत झालं. तिचे डोळे मिटत आले, माझी बाही तिच्या मुठीत सैल झाली. आता माझा तास. मी हात काढायला लागले.

मागच्या खोलीतून कर्रर्र आवाज आला. मग थांबून पुन्हा एक. कडी झाली होती. आता करायचं काही उरलं नव्हतं. सासूबाई एक बिनकामाचा लोखंडाचा तुकडा लावून उगाचच सोलत होत्या.

भिंगरीने डोळे उघडले. थोडा वेळ ऐकलं. मग माझ्या गळ्यात हात टाकून, झोपेने जड झालेल्या आवाजात तिने विचारलं,

"आई, आजीचा नंबर इतक्या उशिरा का आला?"